पेरा लागला, गावाला कळला का?

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लेट खरीप लाल कांद्याचे भाव पडले आणि राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागे जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. कागद दोनच महत्त्वाचे होते: बाजार समितीतली विक्रीपट्टी आणि सातबाऱ्यावरचा कांद्याचा पेरा. पट्ट्या घरोघरी होत्या. पेरा मात्र कित्येकांच्या सातबाऱ्यावर लागलेलाच नव्हता. ओरड झाली आणि सरकारने वाट काढली. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्या गावपातळीवरच्या समितीने खात्री करून अहवाल द्यावा, असे ठरले. तोवर कांदा काढून, विकून झालेला. रिकाम्या वावरात समितीला दिसणार काय? तिने बांधाच्या शेजाऱ्याला विचारायचे, गावात चार जणांना विचारायचे, एवढेच उरले होते.

प्रशासनाची एक तात्पुरती अडचण म्हणून हा प्रसंग सोडून देता येईल. पण त्यात एक जुना प्रश्न आहे. शेतात काय चालले आहे याची सरकारदरबारी नोंद आणि त्याच गोष्टीची गावाला खबर, ही दोन कामे आपल्याकडे जोडीने व्हावीत अशी रचना होती. गेल्या काही वर्षांत पहिले काम झपाट्याने सुधारले आणि दुसरे मागे पडले. आता नोंद गावाला वळसा घालून थेट सर्व्हरवर जाते. माझे म्हणणे असे की, गावासमोर न आलेली नोंद हा एका माणसाचा दावा असतो. तो खराही असेल. पण अनुदान, विमा, भरपाई आणि कर्ज यांचे वाटप त्यावर ठरवायचे, तर तो आधी त्या शिवारात वावरणाऱ्यांच्या कानावर गेला पाहिजे.

जुना कायदा या बाबतीत शहाणा होता. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मधले कलम १४९ सांगते की जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवा. कलम १५० पुढची रीत घालून देते. तलाठ्याने फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद धरायची; तिची प्रत चावडीत ठळक जागी लावायची; ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी नोटीस बजावायची. हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार. आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाणार आणि सुनावणी होणार. एवढे सगळे झाल्यावर कलम १५७ म्हणते की ही नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाईल. नोंदीला खरेपणाचा मान फुकट मिळत नाही. चावडीवर पंधरा दिवस उभे राहून तिला तो कमवावा लागतो.

पिकांच्या बाबतीतही तेच. अधिकार अभिलेखाच्या १९७१ च्या नियमांनुसार पीक पाहणीला निघण्यापूर्वी किमान सात दिवस आधी तलाठ्याने दवंडी देऊन किंवा अन्य मार्गाने गावाला तारीख कळवायची असते. पाहणीच्या वेळी शेतकरी, सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचे सदस्य यांना हजर राहण्याची सूचना द्यायची असते. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची दिसली, तर तलाठ्याने परस्पर काही लिहायचे नाही. नमुना १४ भरून तहसीलदाराकडे पाठवायचे. म्हणजे शेतातल्या पिकाची साधी नोंदसुद्धा चारचौघांच्या देखत व्हावी, हा या नियमांचा हेतू होता.

कागदावर. प्रत्यक्षात काय होई ते खेड्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. एका सजात तीन-चार गावे, वरून निवडणुका, जनगणना, पंचनामे. तलाठी शिवारात फिरायचा कमी आणि कचेरीत बसून मागच्या वर्षीचा पेरा यंदा ओढायचा जास्त. द्राक्षाची बाग तोडून तीन वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर द्राक्षे डोलत असायची. हातावर काही ठेवले की जिराईताचे बागाईत व्हायचे. दवंडी बंद पडली, कोतवालाची हलगी गेली, आणि सात दिवसांची सूचना नियमांच्या पुस्तकातच राहिली.

म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली तेव्हा तिचे स्वागत झाले ते योग्यच होते. टाटा ट्रस्टच्या मदतीने तयार झालेल्या या अ‍ॅपने पेरा लावण्याचा अधिकार तलाठ्याच्या लेखणीतून काढून शेतकऱ्याच्या हातात दिला. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीकपेरा’ हे तिचे घोषवाक्य. तलाठ्याच्या मागे फिरणे, त्याची मर्जी सांभाळणे, यातून ज्याची सुटका झाली त्याला या बदलाची किंमत विचारा. ही सोय काढून घ्यावी असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

पण ही नोंद प्रत्यक्षात होते कशी, तेही एकदा जवळून पाहावे. पावसाने उघडीप दिलेली, पायाखाली चिखल, आणि सोयाबीनच्या कडेला मोबाइल उंच धरून रेंज शोधणारा माणूस. खाते निवडायचे, गट नंबर निवडायचा, हंगाम, क्षेत्र, पीक निर्भेळ की मिश्र, पाण्याचे साधन, लागवडीची तारीख, आणि शेवटी उभ्या पिकाचा फोटो. सोयाबीनमध्ये सहा ओळींआड तुरीची ओळ आहे. तिचे क्षेत्र किती लिहायचे? नव्या डिजिटल पीक सर्वेक्षणाच्या पद्धतीत फोटो गटापासून ५० मीटरच्या आत उभे राहूनच काढावा लागतो. नकाशावर गट एक. शेतात मात्र चार भावांनी तोंडी वाटण्या करून पाडलेले चार तुकडे, आणि खाते अजून सामाईक. थोरल्याने सगळ्या गटावर कापूस लावून टाकला की धाकट्याच्या मक्याला क्षेत्रच उरत नाही. धाकट्याला हे केव्हा कळते? अनुदानाच्या यादीत नाव नसते तेव्हा.

अशा चुका दुरुस्त करायला शेतकऱ्याला नोंदीनंतर ४८ तासांची मुभा ठेवली गेली आणि तलाठ्याने दहा टक्के नोंदी प्रत्यक्ष तपासाव्यात असे ठरले. ही मुभा नोंद करणाऱ्याला आहे. ज्याच्यावर नोंदीचा परिणाम होतो त्याला नाही. उरलेल्या नव्वद टक्क्यांची तपासणी कुणाची? इथे उत्तर तयार असते: सातबारा आता कुणीही ऑनलाइन पाहू शकतो, गावातल्या कुणी पेरा लावला तेही अ‍ॅपमध्ये दिसते, याहून उघडपणा तो कोणता?

या उत्तरातच सगळी गफलत आहे. एखादी गोष्ट पाहता येण्याजोगी असणे वेगळे आणि ती सांगितली जाणे वेगळे. पाहता येण्याजोगी असली की शोधण्याचा भार नागरिकावर पडतो: त्याच्याकडे फोन हवा, रेंज हवी, कुठे पाहायचे ते माहीत हवे आणि मुळात आपल्याविरुद्ध काही नोंदले गेले असेल असा संशय यायला हवा. सूचनेत भार सरकारवर असतो. नोटीस बजावली की नाही, चावडीवर लावली की नाही, हे सरकारला सिद्ध करावे लागते, आणि नसेल बजावली तर फेरफार अपिलात रद्द होऊ शकतो. ई-पीक पाहणीत ही जबाबदारी चुपचाप सरकारच्या खांद्यावरून उतरली आणि कुणाच्याच खांद्यावर चढली नाही.

याचे मोल पीक विम्यात मोजले गेले. २०२३ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयात विमा दिला. शेतकऱ्याचा बाकीचा हप्ता सरकारने भरला. अर्जांचा पूर आला. मग एकेक प्रकार बाहेर पडू लागला. सरकारी जमिनीवर विमा, देवस्थानच्या जमिनीवर विमा, बिगरशेती क्षेत्रावर विमा, पडीक माळावर पिकाचा विमा. विधिमंडळात गदारोळ झाला, चौकशा लागल्या, आणि २०२५ मध्ये ती एक रुपयाची सोयच गेली. शेतकऱ्याला पुन्हा खरिपाला दोन, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत हप्ता आला. योजना बंद होण्याला खर्चासह इतरही कारणे होती. पण बोगस अर्जांनी तिची पत घालवली हे नाकारता येत नाही. आणि गंमत पाहा, ज्या माळावर कुसळापलीकडे काही उगवत नाही तिथे उभे पीक दाखवले आहे हे ओळखायला उपग्रह लागत नाही. ती यादी देवळापुढे एकदा वाचली असती तर गुराख्याच्या पोरानेही हटकले असते. गावाला फुकटात असलेले ज्ञान सरकारने विचारले नाही, आणि चोरीची शिक्षा नेटाने पीक काढणाऱ्याला हप्त्याच्या रूपाने झाली.

हा नुसता तर्क नाही. वाचनाने काय होते ते महसूल खात्याने स्वतः करून पाहिले आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना हजारो चुका शिरल्या: नावे गळाली, क्षेत्रे बदलली, वारसांचे हिस्से इकडचे तिकडे झाले. त्या पकडायला २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगावी चावडी वाचनाची मोहीम काढावी लागली. २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली. मयत खातेदारांची नावे काढून वारसांची लावायची होती. तिची पहिली पायरी काय होती? एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत तलाठ्याने गावात चावडी वाचन करून मयत खातेदारांची यादी करायची. कोण हयात आहे आणि कोण गेले हे कुठल्याही विदासाठ्यापेक्षा गावाला आधी कळते, हे त्या वेळी सरकारला बरोबर आठवले. मग मोहिमेपुरते जे शहाणपण सुचते ते दर हंगामाची रीत का होऊ नये?

इथवर मी गावाची बाजू घेतली. आता गावाविरुद्धचा आरोप ऐकला पाहिजे, कारण तो खरा आहे. गाव म्हणजे कुणी निष्पाप पंच नव्हे. चावडी कुणाची होती, तिथे खुर्चीवर कोण बसे आणि पायरीखाली कोण उभे राही, हे विसरून दवंडीचे गोडवे गाणाऱ्याने गायरानांचा इतिहास वाचावा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे १९९१ मध्ये सरकारने ठरवले की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी गायरानावर शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करायची. पुरावा हवा होता, त्या काळात जमीन कसत असल्याचा. तो कुठून आणणार? अतिक्रमणांची नोंद गाव नमुना १-ई मध्ये होते. म्हणजे गुन्हेगारांच्या यादीत नाव असणे हाच हक्काचा पुरावा ठरला, आणि लोक तलाठ्याकडे हेलपाटे घालू लागले की आमचे अतिक्रमण लिहा, आम्हाला दंड करा आणि पावती द्या. कित्येक ठिकाणी तलाठी लिहीत नव्हता, कारण गावातल्या वजनदारांना ते नको होते. शेत डोळ्यांसमोर पिकत होते, गाव रोज त्याच्या कडेने जात होते, आणि दप्तरात तिथे कुरण होते.

बायकांचेही तसेच. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के निघाले. खुरपणी, लावणी, वेचणीच्या दिवसांत शेतात कोण असते ते सांगायला गणना लागत नाही. नवरा गेल्यावर वारस नोंदीसाठी उभी राहिलेली बाई भाऊकीला सलते. अशा बाईची नोंद चारचौघांत वाचली की तिच्यावरचे दडपण वाढेल, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

तरीही या आक्षेपातून निघतो तो निष्कर्ष उलटा आहे. गायरानाच्या प्रकरणात दुबळ्यांना मारले ते उघड वाचनाने की गुपचूप न लिहिण्याने? तलाठ्याने काय लिहिले आणि काय गाळले हे कधी मोठ्याने वाचलेच गेले नाही, म्हणून गाळणे सोपे गेले. वजनदार माणसाला दप्तरातले सगळे आधीच माहीत असते. तो तहसिलीत बसतो-उठतो. यादी वाचली जात नाही तेव्हा अंधारात राहतो तो दुबळाच. वाचनात नाव गळलेले दिसले तर निदान त्याच दिवशी, चार साक्षीदारांसमोर, लेखी हरकत देता येते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा एका गावातल्या शंभर कुटुंबांनी घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करायची, अशी अट होती. एकट्यादुकट्याने केले असते तर भाऊकीने हाणून पाडले असते. शंभर घरांनी मिळून, उघडपणे केले म्हणून ते टिकायला बळ आले. मात्र एक काळजी घ्यावी लागेल: गावाला हरकत घेण्याचा अधिकार असावा, निकालाचा नसावा. निकाल कारणांसह अधिकाऱ्याने द्यावा आणि त्यावर अपील असावे. गाव हा साक्षीदार. त्याला न्यायाधीश केले की पुन्हा जुनी चावडी आली.

याहून अवघड गाठ आहे ती कुळाची. खंडाने, मक्त्याने, ठोक्याने, बटईने जमीन कसणारा माणूस या सगळ्या नोंदव्यवस्थेत कुठेच नाही. अ‍ॅप खातेदाराला ओळखते. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार जमीनधारक कुटुंबाला. विम्यात भाडेपट्ट्याने कसणाऱ्याला जागा आहे, पण नोंदणीकृत करार हवा, आणि मालक करार करून देत नाही. त्याच्या भीतीला कारण आहे. १९४८ च्या कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात पीक पाहणीच्या रकान्यात ज्यांचे नाव कुळ म्हणून होते, त्यांच्यापैकी असंख्य जण कायद्याने मालक ठरले. ते न्यायाचेच होते. पण त्याची आठवण आजही प्रत्येक जमीनमालकाच्या घरात ताजी आहे: रकान्यात दुसऱ्याचे नाव लागले की जमीन गेली. म्हणून व्यवहार तोंडी, दर वर्षी माणूस बदलायचा, आणि पेरा मालकाने आपल्याच नावावर लावायचा. मग गारपीट कुळाच्या पिकावर पडते आणि भरपाई मालकाच्या खात्यावर.

नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा मांडला. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये अकरा महिन्यांच्या करारावर कसणाऱ्याला कार्ड देण्याचा कायदा केला. पण त्यात मालकाची सही लागते, आणि तिथेच घोडे अडते. यावर गावातली सूचना काही करू शकेल का? मला वाटते, करू शकेल. मालकीशी पूर्ण फारकत घेतलेली, फक्त त्या हंगामापुरती ‘हे पीक कोण काढतो आहे’ एवढीच नोंद असावी. तिच्यावरून कुळहक्क निर्माण होणार नाही असे कायद्यात स्पष्ट लिहावे. आणि तिच्यासाठी मालकाच्या सहीऐवजी गावासमोर वाचन आणि हरकतीची मुदत पुरेशी मानावी. मालकाला खरेच काही म्हणायचे असेल तर तो हरकत घेईल. भरपाई मात्र ज्याने बियाणे टाकले त्याला मिळेल. मालकाची सही मिळवणे कुळाच्या ताकदीबाहेरचे आहे. त्याने पेरले आहे हे गावाला सांगणे त्याच्या आवाक्यातले आहे.

सूचना ही शेतकऱ्याने सरकारला आणि सरकारने गावाला, एवढ्यावरही संपत नाही. ती वरून खालीही आली पाहिजे. याचा धडा नाशिकच्या द्राक्षबागायतदारांनी फार महाग शिकला. युरोपात द्राक्षे पाठवायची तर प्लॉटची नोंदणी हवी, फवारणीचा हिशेब हवा, उर्वरित अंशाची तपासणी हवी. अपेडाच्या ग्रेपनेटवर हे सगळे होते आणि बागायतदार ते दर हंगामी स्वतःहून करतात, कारण नोंदीच्या टोकाला भाव आहे. तरी २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे कंटेनर अडकले. ते वाढनियंत्रक बागेत सर्रास वापरले जात होते. युरोपची मर्यादा कडक झाली होती, पण आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हते आणि बागायतदाराला कुणी सांगितले नव्हते. त्याने आपल्या बाजूची प्रत्येक नोंद केली होती. माहिती त्याच्याकडून वर गेली. त्याला हवी असलेली खाली आली नाही. शेतकऱ्याकडून दर हंगामी फोटो मागणारे सरकार त्या फोटोंच्या बदल्यात गावाला काय सांगते, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. तालुक्यात यंदा कांदा किती लागला हे सप्टेंबरात गावाला कळले, तर रांगड्याची, म्हणजे लेट खरीप कांद्याची, लागवड करायची की नाही हे शेतकरी ठरवू शकेल. आज तो आकडा वर साठतो आणि कांदा बाजारात आल्यावर निर्यातीचे निर्णय घेणाऱ्यांच्या कामी येतो.

गावाने स्वतःच्या हिशेबासाठी शेतीच्या नोंदी वापरल्या की काय होते, ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दाखवले आहे. तिथे पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आले, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, हे ग्रामसभेत मांडतात आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. हा नियम पाळला जातो, कारण पाण्याचे आकडे लोकांनी ऐकलेले असतात. याच्या शेजारी राज्याचा २००९ चा भूजल कायदा ठेवून पाहा. विहिरींची नोंदणी, शेतीसाठी साठ मीटरहून खोल बोअरला मनाई, खोदाई यंत्रांची नोंदणी, सगळे त्यात आहे. आणि गावात रात्री गाडी येते, पहाटेपर्यंत तीनशे, चारशे, पाचशे फूट जाते आणि शेजारची विहीर आटते. बोअर ही एका शेतकऱ्याची खासगी बाब कधीच नसते. पाणी बांध मानत नाही. खोदण्यापूर्वी शेजाऱ्यांना सूचना देण्याची सक्ती खरे तर इथे सर्वांत आधी हवी.

आता नवा टप्पा. केंद्राच्या अ‍ॅग्रिस्टॅकखाली प्रत्येक शेतकऱ्याला ओळख क्रमांक मिळतो आहे. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून योजनांच्या लाभासाठी तो बंधनकारक झाला. आधार, सर्व गट, पीक आणि लाभ एका क्रमांकाशी जोडले जाणार. सरकारला हवे ते सगळे एका ठिकाणी. म्हणूनच इथे रेघ नीट आखली पाहिजे. गावासमोर काय वाचायचे आणि काय नाही? आधार, बँक खाते, मोबाइल क्रमांक, कर्ज हे वाचायचे नाही. ते गावाचे काम नव्हे, आणि सावकारापासून खतविक्रेत्यापर्यंत अनेकांना त्यात रस आहे. गट, पीक, क्षेत्र, पाण्याचे साधन आणि त्यावर मंजूर झालेला सरकारी लाभ हे वाचायचे. शेत उघड्यावर असते आणि पैसा सार्वजनिक आहे. त्या दोहोंत लपवण्याजोगे काही नाही. आज नेमके उलटे चालले आहे. खासगी माहिती कुणाकुणाच्या हाती जाते ते शेतकऱ्याला कळत नाही, आणि जे सगळ्यांनी ऐकावे ते कुणालाच ऐकवले जात नाही.

हे अव्यवहार्य आहे, तलाठ्यांना वेळ नाही, असे म्हणता येईल. पण तलाठ्याचे ओझे तर पेरा मोबाइलवर गेल्याने हलके झाले. त्याने शिवार पालथे घालावे असे कुणी म्हणत नाही. यादी आपोआप तयार होते, ती छापून वाचायची आहे. त्याला नवी बैठकही लागत नाही. राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. २ ऑक्टोबरच्या सभेत खरिपाची यादी आणि २६ जानेवारीच्या सभेत रब्बीची, असे सहज बसते. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामांचे सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेकडे दिले, तेव्हाही हे चालणार नाही म्हणणारे होते. जिथे हजेरीपट खरोखर वाचले गेले तिथे कामावर न आलेली नावे उघडी पडली.

करायचे ते थोडक्यात असे. पेऱ्याची गाववार यादी सभेच्या सात दिवस आधी ग्रामपंचायतीत आणि चावडीवर लावावी. सभेत ती वाचावी, मयत, गळालेली आणि हंगामापुरत्या कसणाऱ्यांची नावे धरून. पंधरा दिवस लेखी हरकती घ्याव्यात, पोच द्यावी, कारणांसह निर्णय द्यावा. आणि ही मुदत संपेपर्यंत त्या नोंदीवर कुणाचा विमा, अनुदान किंवा भरपाई मंजूर वा नामंजूर होऊ नये. आपत्तीची तातडीची मदत तेवढी याला अपवाद. कुळाची नोंद सोडली तर यासाठी नवा कायदा लागत नाही. १९७१ च्या नियमांतली सात दिवसांची सूचना आणि कलम १५० मधली पंधरा दिवसांची हरकत पिकांच्या यादीला लावणारा शासन निर्णय पुरे.

पहिल्या वर्षी गोंधळ होईल. काही सभा गणसंख्येअभावी तहकूब होतील, काही ठिकाणी भाऊकीची जुनी भांडणे यादीच्या निमित्ताने उकरली जातील, काही सरपंच यादी न वाचताच वाचल्याचे लिहितील. हरकतींचे ढीग तहसिलीत पडतील आणि अधिकारी म्हणतील, बघा, पूर्वीच बरे होते. पण त्या ढिगातली प्रत्येक हरकत पूर्वीही खरीच होती. फक्त ती अनुदान वाटून झाल्यावर, रांगेत रिकाम्या हाताने परतताना कळायची. ती पैसे वाटण्याआधी आणि कागदावर मिळाली, तर आपली नोंद किती कच्ची आहे हे सरकारला वेळेत समजेल, आणि यादीत नाव नसलेल्या माणसाला हंगाम उलटण्याआधी दाद मागता येईल.